सर्वात लहान फाईल

बेचाळीस काचा वीस मिलिमीटरनी रुंद निघाल्या, तेव्हा मी ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर एका टकल्या प्राध्यापकाचा अकरावा तास बघत होते. पूर्ण तासभर तो फळ्यावर एक झाड काढतो. जे अक्षर सारखं सारखं येतं त्याला जवळची फांदी, जे क्वचित येतं त्याला लांबची. असं केलं की तोच मजकूर कमी जागेत बसतो. त्याचा खडू कर्कश वाजतो, पण माणूस भारी आहे. चुकला की फळा पुसतो आणि म्हणतो, "हे विसरा, मी गाढव आहे." माझ्या शाळेत असं कुणी एकदा जरी म्हटलं असतं, तर मी अजून शाळेत असते.

शाळा मी नववीत सोडली. गणिताच्या बाईंनी माझी वही हसायला म्हणून वर्गात फिरवली. मी ती ओढून घेतली, ती फाटली, थोडी बाईंची साडीपण फाटली. माफी माग म्हणाले. मागितली नाही. विषय संपला.

तेव्हापासून आत्याबरोबर ऑफिसात येते. काचेच्या कारखान्याचं ऑफिस. आत्या फोन, कागद आणि मालकांचा मूड सांभाळते, मी फायली लावते. मला तिथं सगळे लवंगी म्हणतात, कारण मी लहान आहे आणि वाजते. मला बसायला कपाटाजवळचं स्टूल आहे. कॉम्प्युटर आत्याचा, पण आत्याला तो आवडत नाही, त्यामुळे अर्धा दिवस माझाच.

फायली लहान कशा होतात हे शिकायचं वेड कसं लागलं, ते सांगते. माझा फोन भरला होता. मी सगळे फोटो एका झिपमध्ये कोंबले, तर जागा काही वाचली नाही. आणि आत्याची एक लांबलचक पत्त्यांची यादी कोंबली, तर ती पाव झाली. असं का? मी हे तसंच्या तसं शोधून बघितलं. एक पान सापडलं, नुसती प्रश्नोत्तरं, एक चित्र नाही, शेवटचा बदल माझ्या जन्माच्या आधीचा. भाषा परकी, मी भाषांतराच्या खिडकीत ढकलत वाचलं. तिथून दुसरीकडे, एका तक्त्यावर गेले. त्यात जगभरचे लोक एकच फाईल आपापल्या प्रोग्रॅमनं दाबतात आणि कुणाची किती लहान झाली ते लिहितात. घोड्यांच्या शर्यतीसारखं. मग प्राध्यापक. मग एक चर्चेची जागा, जिथं लोक एका बाइटवरून भांडतात. मी तिथं पहिला प्रश्न विचारला, तर कुणीतरी लिहिलं, आधी प्रश्नोत्तरं वाच. वाचूनच आले होते. मी त्याला जे लिहिलं त्यामुळे मला तीन दिवस बंदी झाली. घुबडाचं चित्र लावलेला एक जण होता, त्यानं फक्त एवढं लिहिलं, "राग संपला की प्रश्न परत विचार. प्रश्न चांगला आहे."

तेव्हापासून मी घुबडालाच विचारते.

आता काचा. गिऱ्हाइकाचा नकाशा छापील कागदावर ऑफिसात येतो. आत्या तो स्कॅन करून शेडला मेल करते. शेड शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिकडे प्रिंट निघते आणि माझे बाबा काच कापतात. सव्वीस वर्षं. टोकाला हिरा बसवलेली कांडी असते, ती पट्टीला धरून एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा ओढली की काच वाटेल तशी तडकते. बाबांना दुसऱ्यांदा ओढताना कुणी बघितलं नाही. कापलेली काच भट्टीत जाते आणि पक्की होऊन बाहेर येते. मग तिला कापता येत नाही. कापायला गेलं की टेबलावर नुसते खडे. म्हणजे बेचाळीस गेल्या त्या गेल्या.

मालक शेडवरून तडक ऑफिसात आले. बूटसुद्धा पुसले नाहीत.

"बाई, तो दवाखान्याच्या खिडक्यांचा कागद काढा."

आत्यानं काढला. बाराशे त्रेसष्ट. स्वच्छ छापलेलं. मालकांनी बाबांना फोन लावून तो स्पीकरवर ठेवला.

"मिस्त्री, इथं त्रेसष्ट आहे."

"मी त्र्याऐंशी वाचलं, मालक. दोनदा मोठ्यानं वाचलं."

शेडमध्ये तशी पद्धतच आहे. कापणारा आकडा दोनदा मोठ्यानं म्हणतो, समोरचा तो परत म्हणतो आणि मग पट्टी लावतो. समोरचा कागद बघत नाही, नुसता ऐकतो. त्यानंही सांगितलं, हो, त्र्याऐंशीच ऐकलं. तो बिचारा बाबांच्या बाजूनं बोलत होता, पण झालं उलटंच. बाबांनी चुकीचं वाचलं याला साक्षीदार मिळाला.

"तुमची प्रिंट कुठाय?" मालकांनी विचारलं.

"काचांच्या मध्ये गेली असेल."

तीपण पद्धत. काचेवर काच घासू नये म्हणून मध्ये कागद घालतात आणि शेडमध्ये त्यासाठी काम झालेले नकाशेच वापरतात. ती प्रिंट कुठल्यातरी पेटीत कुठल्यातरी गिऱ्हाइकाकडे गेली होती.

मालक वाईट नाहीत. आवाज चढवला नाही, ते तर जास्तच वाईट. म्हणाले, "वय झालं की डोळे जातात, मिस्त्री. माझेही गेले. सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. टेबल दुसऱ्याला देतो."

मग बाबा म्हणाले, "बरं."

फोन ठेवून मालक माझ्याकडे वळले. "आणि लवंगी, सोमवारपासून स्कॅनिंग तू बघ. बाईंना एक खुर्ची मागवायला सांगितलीय. नीट, चाकांची. त्या मेलच्या भानगडीत तू डोकं चालवलंस ते माझ्या लक्षात आहे."

मेलची भानगड अशी. दीड महिन्यापूर्वी नकाशे शेडला जाईनात, फाईल मोठी म्हणून परत यायचे. आत्या दिवसभर स्कॅनच्या मशीनला शिव्या घालायची. मी मशीनच्या आतल्या यादीत घुसले आणि 'सर्वात लहान फाईल' निवडलं. फाईल एकदम बाराव्या हिश्श्यावर आली. मोठी करून बघितली तर अक्षरं कोरीव, कुठं धूसर नाही. मी चर्चेच्या जागी मिरवलंसुद्धा. दोघांनी अंगठा दाखवला. वरचा.

शुक्रवारी सकाळी बाबा चष्मेवाल्याकडे जाऊन आले. मला सांगितलं नाही, पण खिशातून चिठ्ठी डोकावत होती. नंबर तोच होता, बदललाच नव्हता. तरी बाबा खिडकीशी उभे राहून औषधाच्या बाटलीवरची बारीक तारीख वाचत होते. बाटली जवळ, मग लांब, मग परत जवळ.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही."

"चष्मेवाला काय म्हणाला?"

"ठीक आहे म्हणाला." त्यांनी बाटली खाली ठेवली. "त्यांना सगळ्यांना ठीकच म्हणायचं असतं."

म्हणजे ह्या माणसानं चष्मेवाल्यालाही खोटं ठरवलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ऑफिसात जाऊन मी पर्ससुद्धा खाली न ठेवता आत्याची मेल उघडली.

"काय शोधतेस गं?"

"शेडला गेलेली फाईल."

"कशाला? कागद आहे ना कपाटात. स्कॅन म्हणजे त्याचाच फोटो."

सगळे हेच धरून चालले होते. मालकसुद्धा. कुणी कॉपी उघडलीच नव्हती, कारण खरा कागद हातात असताना फोटो कोण बघतं? मी उघडली. मोठी केली. अजून मोठी केली.

"आत्या, हे वाच."

"बाराशे त्र्याऐंशी."

"आता कागद वाच."

"बाराशे त्रे... अगं बाई!" आत्यानं हात छातीवर ठेवला. "मी काही केलेलं नाही हं! मी नुसतं हिरवं बटण दाबते!"

"तुला कोण काय म्हणतंय?"

"अगं, पण फोटोत कुणाचं नाक बदलतं का?"

तेच तर. मला आधी एवढा आनंद झाला की मी स्टुलावरून उठले आणि परत बसले. बाबांनी बरोबर वाचलं होतं! प्रिंटवर त्र्याऐंशी होतं म्हणून त्र्याऐंशी वाचलं. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून घुबडाला पाठवले. वीस मिनिटांत उत्तर आलं.

"मशीन फाईल कशी दाबतं, ते कुठं लिहिलंय का? सेटिंग बघ."

मी बघितलं. लिहून पाठवलं.

"मग असं आहे," त्यानं लिहिलं. "ते मशीन पानावरचं प्रत्येक चिन्ह कापून वेगळं काढतं आणि त्याचा ठसा करतं. दोन चिन्हं सारखी वाटली की एकच ठसा ठेवतं आणि दोन्ही जागी तोच उठवतं. जागा खूप वाचते. बारीक अक्षरात सहा आणि आठ त्याला सारखेच वाटू शकतात. मग सहाच्या जागी आठाचा ठसा उठतो. धूसर नाही, खाडाखोड नाही. एकदम छान आठ."

प्राध्यापकानं पहिल्याच तासाला सांगितलं होतं, दाबायच्या दोन जाती. एकीत उघडल्यावर जसंच्या तसं परत मिळतं. दुसरीत जवळपास तसं मिळतं. दुसरी जात मी तोंडपाठ केली होती, फोटो, गाणी वगैरे. ती धूसर होते, खरखरते, कळतं. आकडे असे स्वच्छ राहून खोटे होतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धूसर असतं तर बाबांनी फोन करून विचारलं असतं.

खाली घुबडाची अजून एक ओळ होती. "हे सेटिंग कुणी लावलं? त्यांना सांग, लगेच बंद करा."

मी ती ओळ दोनदा वाचली.

आत्या मागून वाचत नव्हती, तिला ती भाषा येत नाही. म्हणजे माहीत फक्त मला होतं. मालकांना नुसती फाईल दाखवली असती, तर ते म्हणाले असते, मशीन बिघडलंय, मेकॅनिक बोलवा. बाबा टेबलावर, मी खुर्चीवर, मशीन दोषी. मशीन काही बोलायला येणार नव्हतं.

मी सेटिंग बदललं. मग सहज म्हणून दीड महिन्याच्या फायलींची यादी काढली. त्रेसष्ट नकाशे. तोच आकडा, मला हसू आलं, चांगलं हसू नाही. त्यातले अकरा शेडमध्ये टेबलाशेजारी लावून ठेवलेले होते. एक शाळेच्या जिन्याच्या कठड्याचा. तिथं काच लहान कापली गेली तर ती खोबणीत धड बसणार नाही. बसल्यासारखी दिसेल.

मेकॅनिक येईपर्यंत आज दुपारी त्यातलं काहीतरी कापलं जाणारच होतं.

"आत्या, शेडला फोन लाव. म्हणावं कापू नका."

"मी कशी सांगू? मालकांना विचारायला नको?"

मीच लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, हातातलं खाली ठेवा. प्रिंट चुकीच्या आहेत. तुम्ही त्र्याऐंशी बरोबर वाचलं होतं."

मागं भट्टीचा आवाज येत होता.

"तुला कसं कळलं?"

"फाईल बघितली. मशीन आकडे बदलत होतं." मग एका दमात सांगून टाकलं, थांबले असते तर राहिलं असतं. "सेटिंग मी लावलं होतं. मेल जावी म्हणून. मला एवढंच माहीत होतं की लहान होतं."

बाबांना राग आला असेल असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "म्हणजे माझे डोळे?"

"ठीक आहेत, बाबा. चष्मेवाला खरं बोलत होता."

"बरं," बाबा म्हणाले. कालचंच 'बरं', पण आवाज वेगळा. मग त्यांनी कुणालातरी ओरडून सांगितलं, "कापणं बंद करा रे!"

मालकांना मी समोरासमोर सांगितलं. ते ऐकून खुर्चीत मागे रेलले आणि आधी छताकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

"मला न विचारता सेटिंग लावलंस?"

"हो."

"काय होतं ते माहीत नव्हतं?"

"अर्धं माहीत होतं."

"अर्धं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, ती चाकांची खुर्ची रद्द करा. आणि हिला मशीनला हात लावू देऊ नका."

आत्या तोंड उघडणार होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं मिटलं. मला बोलायचं होतं. जीभ टोचत होती. 'मीच शोधलं ना' असं ओठावर आलं होतं. पण लावलंही मीच होतं.

मग मालकांनी बाबांना फोन केला. माफीबिफी नाही. म्हणाले, "मिस्त्री, टेबल तुमचंच. उद्या इकडे या, सगळे कागद तपासायचेत."

शनिवारी बाबा ऑफिसात आले. खरे कागद त्यांच्याकडे, फायली माझ्यासमोर, आत्या मध्ये टाचण्या घेऊन. बाबा आकडा दोनदा म्हणायचे, मी पडद्यावरचा म्हणायचे. त्रेसष्ट नकाशे, दोन दिवस. तीन ठिकाणी फरक निघाला. एक जिन्याचा होता. तिथं आठाचा सहा झाला होता. बाबांनी त्या कागदावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग पुढचा कागद घेतला.

घुबडाला मी लिहिलं, सेटिंग लावणारीला सांगितलं, ती मीच होते. त्यानं लिहिलं, "ठाऊक होतं. आता बाराव्या तासाला जा, तो अवघड आहे."

स्टूल कपाटाजवळच आहे. मशीनला मी हात लावत नाही, हिरवं बटण आत्याच दाबते. पण शेडमध्ये पद्धतीत एक भर पडली आहे. कापायच्या आधी बाबा ऑफिसला फोन करतात आणि मी कपाटातला खरा कागद काढून धरते. बाबा हॅलो म्हणत नाहीत, आकडा म्हणतात, दोनदा. मी तो परत म्हणते, पण नुसता ऐकून नाही, वाचून. मग फोनमधून काचेवर हिरा ओढल्याचा आवाज येतो. एकदाच.