पैकीच्या पैकी

*विधान १. मी माझ्या कामावर समाधानी आहे.*

शकुंतलेचं डोकं तिच्याच प्रश्नावलीतल्या या वाक्याने फिरवलं होतं. साखर कारखान्यातल्या माणसाचं समाधान वेगळं आणि कारखान्यावरची निष्ठा वेगळी, हे तिला प्रबंधात सिद्ध करायचं होतं. कामगारांनी प्रत्येक विधानाला एक ते पाचात दिलेले आकडे मात्र दोन्हीकडे गळ्यात गळा घालून चालत होते.

"एकाच पोराची दोन बारशी केलीत तुम्ही," मार्गदर्शक सर म्हणाले. "पुन्हा माहिती आणा, नाहीतर विषय सोडा."

सोडायचा म्हणजे तीन वर्षं पाण्यात. ती तशीच सांगलीहून एसटीने कडेगावला आली आणि कारखान्यावर जाऊन गव्हाणीत, म्हणजे ऊस यंत्रात ओढणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या ढकलणाऱ्या केरबाला तिने गाठलं.

"मामा, सगळीकडे पाचच कसे दिलेत?"

"तुमची परीक्षा हाय म्हनलं मुकादम. पोर सांगलीस्नं आलीया, हात कशाला आखडायचा? दिलं पैकीच्या पैकी!"

"आणि बॉयलरवरच्या गुंडामामांनी सगळीकडे दोन?"

"त्यो सख्ख्या पोरालाबी शाबास म्हनत न्हाई. शेफारत्यात म्हनं."

शकुंतलेने पिशवीतले जुने फॉर्म पुन्हा चाळले. म्हणजे तिने मोजलं काय, तर कुणाचा हात सढळ आणि कुणाचा आखडता!

*विधान ९. जास्त पगार मिळाला तरी मी हा कारखाना सोडणार नाही.*

"मामा, मार्क मला नाहीत हो! खरं सांगा, कामात समाधान आहे?"

"कसलं समाधान? कंबार मोडली. सायेब हाडहाड करतुया."

"मग सोडाल?"

"खुळी का काय! माझ्या रानावर हुबा हाय कारखाना. शेअर हाय माझा. मी कशाला जातुया?"

हेच तर हवं होतं! तिने कोरा फॉर्म काढून वर खातं आणि वय भरलं. "समाधान एक, निष्ठा पाच. लिहिते."

केरबाने कागदावर पंजाच ठेवला. "बोललो त्ये बोललो. लिवायचं न्हाई."

"नाव नाही यावर."

"खातं गव्हान, वय छप्पन. माझ्याबिगर कोन हाय हितं?"

वय आणि खातं यांवर प्रबंधाची दोन प्रकरणं उभी होती. तिने दातओठ खात त्या दोन्ही ओळींवर काट मारली.

"आता?"

"लिवा. पन एक नगं. लय कमी दिसतंय. दोन करा."

"हे दोन कामाला दिलेत की मला?"

"त्ये आता तुमीच बगा," म्हणत केरबा मोळी ढकलायला गेला.