जीपचा कौल

बाजाराच्या दिवशीसुद्धा तिसगावात मारुतीच्या पारासमोर एवढी माणसं जमत नाहीत. दुष्काळी कामावरची खडी फोडायची सोडून बायका आल्या होत्या, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी तशीच. सगळ्यांच्या नजरा एका जीपवर. जीप लष्कराच्या लिलावातली, पण आता तिला भगवा रंग, बंपरला झेंडूच्या माळा, आणि मागच्या सीटवर हरणाच्या कातड्यावर मांडी घालून बसलेले तेजोनाथ महाराज.

"पेट्रोल म्हंजी गाडीचं अन्न," महाराज सांगत होते, "आन् ब्याटरी म्हंजी प्राण. प्राण काढला की काय ऱ्हातं? मढं. आता ह्या मढ्यात नाथ बोलतो का न्हाई ते तुमच्या डोळ्यानं बघा."

शिष्यानं बॉनेट उघडलं, पान्यानं ब्याटरी सोडवली आणि सरपंच काकासाहेबांच्या हवाली केली. काकासाहेबांनी ती तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरली. मग एकेकानं प्रश्न विचारायचा, महाराजांनी डोळे मिटून मांडी सावरायची आणि शिष्यानं स्टार्टर दाबायचा. जीप घरघरून चालू झाली तर नाथाचा होकार, मुकी राहिली तर नकार. विहीर खोल करू का, म्हणून कुणी विचारलं, तर जीप चालू. बैल विकू का, तर गप्प. बिनब्याटरीची गाडी बोलते म्हटल्यावर माणसं रडायलाच लागली.

नववीतली मुक्ता आत्याचा हात धरून गर्दीत उभी होती. तिचे आईबाप कोल्हारकडं ऊसतोडीला गेलेले. गोजरबाई आत्या खडी फोडायची आणि मुक्तानं शाळा सोडायची नाही यावर भांडायची. आदल्या दिवशी लाळ गाळत आलेलं एक कुत्रं खडीच्या ढिगाऱ्याशी आत्याच्या गालाला चावलं होतं. मुक्ता तेव्हापासून एकच सांगत होती, एस.टी.नं नगरला जाऊ, मोठ्या दवाखान्यात इंजेक्शनं मिळतात. पण दिवसभर घण घालणारी ही बाई पोटातल्या सुईला लई भ्यायची. बेंबीत टोचून घेण्यापेक्षा आधी नाथाला विचारते, म्हणाली.

"नगरला जाऊ का बाबा?" तिनं विचारलं.

महाराजांनी मांडी सावरली. शिष्यानं स्टार्टर दाबला. जीपनं हूं की चूं केलं नाही.

"अंगारा लाव गालाला. नगरच्या गाडीत पाय ठिवलास तर नाथ कोपंल."

आत्याच्या तोंडावर सुटका दिसली. मुक्ताला त्या कुत्र्यापेक्षा त्या सुटकेचीच जास्त भीती वाटली.

महाराज खाली उतरले तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. त्यांच्या भगव्या छाटीची मागून चाळणी झाली होती, बारीक बारीक भोकं, कडा कुजल्यासारख्या. अशीच भोकं तिच्या परकराला होती. शाळेत प्रयोग करताना ॲसिड सांडलं होतं आणि परकर धुतल्यावर कापड गळून पडलं होतं. ॲसिड ब्याटरीत असतं. पण ब्याटरी तर काकासाहेबांच्या छातीशी होती. मग महाराज बसतात त्या जागी ॲसिड आलं कुठून?

ती पळत विज्ञानाच्या रंगनाथ सरांकडं गेली. सरांनी फरशीवर खडूनं दोन चौकोन काढले आणि मधे एक रेघ. लष्कराच्या जीपमधे कधीकधी दोन ब्याटऱ्या असतात, म्हणाले. एक गाडी चालू करायला, दुसरी वायरलेसला. मधे एक स्विच. तो बंद केला की दोन्ही वेगळ्या, म्हणजे वायरलेसनं एक संपवली तरी दुसरी भरलेली राहते. पहिली दगा देऊ लागली की स्विच जोडायचा, दुसरीवर गाडी चालू होते.

"मग चला ना सर, सांगा सगळ्यांना."

सरांनी रेघ पायानं पुसली. "काकासाहेब शाळेच्या कमिटीवर आहेत, मुक्ता. मला इथं नोकरी करायचीय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कौल रंगला. मधेच महाराज आरतीला देवळात गेले आणि मुक्ता सरळ जीपवर चढली. हरणाचं कातडं ओढलं, खालची फळी उचलली. आत ब्याटरी, अंगठ्याएवढ्या जाड वायरी, आणि सीटच्या कडेला हात सहज पोचेल असा स्विचचा एक दांडा.

"पोरी, भस्म व्हशील," शिष्य ओरडला.

"व्हईन की. काका, ती ब्याटरी ठेवा खाली आणि तुम्हीच स्टार्टर दाबा."

काकासाहेबांनी दाबला. जीप गप्प. मुक्तानं दांडा फिरवला. "आता दाबा." जीप धडधडली. तिनं गाडी बंद करायला लावली, दांडा उलटा फिरवला. गप्प. तिनं सरांनी शिकवलेलं सगळं तिथंच उभं राहून सांगितलं, दोन ब्याटऱ्या, मधला स्विच, मांडी सावरताना फिरणारा हात.

तेवढ्यात महाराज आले. त्यांनी एकदा सीटकडं, एकदा गर्दीकडं बघितलं आणि हात जोडले. "बघा माय, आज नाथ कन्येच्या हातानं बोलला."

गर्दीतल्या झुंबरबाईनं पुढं होऊन मुक्ताच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि तिलाच आपल्या म्हशीचा कौल विचारला.

मुक्तानं कपाळ पुसलं आणि आत्याला धरलं. "माझ्या हातानं तर जीप व्हय म्हणाली ना? मग चल नगरला."

"एकदा लावलेला कौल फिरवायचा नसतो, बाई," आत्या हळूच म्हणाली. "पयला तोच खरा."

मुक्तानं तिला ओढत एस.टी.च्या थांब्यापर्यंत नेलं. गाडी आली, गेली. आत्या खाली बसून राहिली. महाराज संध्याकाळी नारळांचं पोतं घेऊन पाथर्डीकडं निघून गेले.

गालाची जखम भरली. आत्या म्हणाली, बघ, अंगाऱ्यानं भरली. मग एका सकाळी तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि घोट घशाखाली उतरेना. त्या दिवशी ती मुकाट्यानं एस.टी.त बसली. नगरच्या डॉक्टरांनी फक्त विचारलं, चावलं तेव्हा का आणलं नाही. आता इंजेक्शनांचा उपयोग नव्हता.

आत्या गेल्यावरही बायका मुक्ताच्या दारात कौल मागायला येतात. ती नारळ परत देते आणि प्रत्येकीला तेच सांगते: गाडी बोलत नाही, सीटखाली हात फिरतो तो बोलतो. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी फळी उचलून बघा. कुत्रं चावलं तर कुणालाही न विचारता दवाखाना गाठा. आणि ज्याला खरं माहीत आहे त्यानं गप्प बसू नये.

त्या सगळं ऐकून घेतात, माना हलवतात आणि जाताना तिच्या पाया पडतात.