थोरलीची गाडी बंद पाडणारं जेवण

शाळेच्या फाटकाबाहेर थोरल्या जावेची तळणाची गाडी होती आणि आत, शाळेच्या स्वयंपाकघरात, धाकटी स्वयंपाकीण होती. एकाच घरात दिलेल्या दोघी, पण वर्षभर एकमेकींशी शब्द नव्हता. आणि चूक सरळसरळ थोरलीची होती.

धाकटीची लेक शाळा सुटली की काकूच्या गाडीशी जायची. काकू लाडानं तळलेले बटाटे, साखरेत घोळवलेले गोळे तिच्या हातावर ठेवायची. पोरगी अंगानं सुटली. मग घरच्या एका कार्यात, सगळे नातेवाईक जेवायला बसत असताना, हीच काकू मोठ्यानं म्हणाली, "अगं, हिला खुर्ची नको, बाक आणा बाक!" सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून लेक चारचौघांत जेवेनाशी झाली. शाळेतही मदतनीस बाई मागच्या दारानं तिचं ताट द्यायची आणि ती जिन्याखाली बसून खायची. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिची गाडी बंद पाडीन तेव्हाच गप्प बसेन, असं तिनं ठरवलं.

तोवर शाळेतलं जेवण म्हणजे गिळगिळीत भाजी आणि पाणचट सूप. मुलं ते टाकून फाटकाकडे धावायची. धाकटीनं कंबर कसली. भोपळा उकडायचं सोडून तिनं तो कडा खरपूस होईस्तोवर भाजला. घेवड्यावर चुरचुरीत लसूण घातला. अख्खं सफरचंद मुलं एक चावा घेऊन फेकायची, म्हणून फोडी करून दिल्या. मधल्या सुट्टीच्या जरा आधी फाटकाकडची खिडकी सताड उघडून ती कांदा परतायला घ्यायची, म्हणजे थोरलीच्या कढईचा वास कुणाच्या नाकापर्यंत पोचायलाच नको. परतता परतता पुटपुटायची, "घे, भवाने! घे!"

मुख्याध्यापिका भारावून गेल्या. "मुलांच्या वाढत्या वजनाची तुम्हाला किती कळकळ आहे हो!"

"हो ना," धाकटी म्हणाली. कळकळ कसली, जळजळ होती ती.

पण मुलं ताटं चाटूनपुसून खाऊ लागली. थोरली फाटकाशी माशा मारत बसू लागली, आणि शेवटी एक दिवस गाडी विकून, नाक मुठीत धरून, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काही काम असलं तर बघ गं."

धाकटीला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. "या ना, जाऊबाई," ती गोड आवाजात म्हणाली. "वाढायला उभ्या राहा. अगदी समोर, सगळ्यांना दिसाल अशा."

मदतनीस बाईनं थोरलीला कुणाला किती वाढायचं ते समजावलं. धाकटीनं त्या दिवशी लेकीलाही मुद्दाम रांगेत आणून उभं केलं. सगळ्या शाळेसमोर थोरलीला मारायचा टोमणा तिच्या जिभेवर तयार होता: काय जाऊबाई, पोरीला खुर्ची देऊ की बाक?

लेकीची पाळी आली. थोरलीनं तिच्या ताटात एक पळी घेवडा वाढला आणि हात आखडता घेतला. धाकटी पुढे सरसावली, पण तिच्याआधी लेकच बोलली.

"काकू, सगळ्यांना दोन पळ्या आणि मला एकच?"

थोरलीनं मान खाली घातली. "मला या बाईंनी तसं सांगितलं गं. तुझ्या आईनंच ठरवून दिलंय म्हणे, पहिल्यापासून."

खरंच होतं ते. पोरीच्या भल्यासाठीच धाकटीनं ठरवलं होतं, आणि पोरीला कळूही दिलं नव्हतं. जिन्याखाली बसणाऱ्या पोरीला दुसऱ्यांची ताटं दिसणार तरी कशी?

लेकीनं आईकडे पाहिलं. धाकटीनं घाईघाईनं थोरलीच्या हातातली पळी हिसकावून घेतली, काठोकाठ भरली. "घे बाळा, हवं तेवढं घे."

"नको," लेक म्हणाली. "पोट भरलं माझं." ताट तिथंच ठेवून ती सगळ्यांदेखत बाहेर गेली.

भरलेली पळी तशीच हवेत राहिली. थोरली हसली नाही. तिनं हळूच ती पळी जावेच्या हातातून काढून घेतली आणि पुढच्या मुलीला वाढू लागली. हसली असती, तर धाकटीला तिचा राग तरी करता आला असता.