बोटाला काय कळतं

गाठी काढण्यात मोठ्या बाईंचा हात धरणारं इस्पितळात कुणी नव्हतं. गाठ कुठे संपते आणि निरोगी मांस कुठे सुरू होतं, हे त्या नुसत्या बोटाने सांगायच्या. तीच बोटं आता बधिर होत चालली होती. परगावच्या डॉक्टरने गुपचूप तपासून, गेलेली संवेदना परत येणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. बाईंनी घरी नवऱ्यालासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही. काहीबाही निमित्तं काढून शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या आणि प्रकाशाने गाठीची कड दाखवणारं यंत्र शिकायला सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. यंत्र हाती आलं की बोटांचं कुणाला कळायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता.

शिकवणारा भौतिकशास्त्रज्ञ त्यांच्या मुलाच्या वयाचा. डॉक्टरमंडळींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव टॉर्चमास्तर ठेवलं. बाईंना मात्र त्याचं बोलणं भलतंच आवडलं. प्रकाश कातडीतून आत शिरतो, थोडा रक्तात मुरतो, उरलेला परत येतो आणि आतली खबर देतो. इतकी वर्षं माणसं उघडून पाहिली आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचा त्यांना चक्क राग आला. किती खोल जातो, म्हाताऱ्या कातडीत काय होतं, असं विचारून विचारून त्यांनी मास्तरची चहाची सुट्टी खाऊन टाकली.

मग प्रत्येकाने यंत्राची पेनासारखी दांडी स्वतःच्या मनगटावर टेकवून रक्तातला प्राणवायू मोजायचा होता. सगळ्यांचेच आकडे घसरले. मास्तर हसला. डॉक्टरांना दाबून बघायची खोड असते, दाबलं की रक्त बाजूला सरतं आणि प्रकाशाला ते सापडत नाही, असं त्याने समजावलं. बाकीच्यांनी हात हलका केला आणि आकडे वर आले. बाईंचा आकडा मात्र जागचा हलेना. त्यांनी यंत्र बदलून घेतलं, वर त्या यंत्रालाही नावं ठेवली.

इतर सगळे जेवायला गेल्यावर मास्तर त्यांच्या टेबलाशी आला. बाईंनी दांडी उचलली तेव्हा मनगटावर पांढरंफटक वर्तुळ उमटलं होतं.

"बाई, दाब कळत नाही का तुम्हाला?"

बाईंनी दांडी खाली ठेवली. थाप तोंडाशी आली होती, पण वर्तुळ दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं.

"नाही कळत. अजून कुणालाच सांगितलेलं नाही मी." मग आपणच म्हणाल्या, "शस्त्रक्रिया सोडायला हव्यात." स्वतःच्याच तोंडून ते ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मास्तरने सरावासाठी केलेली जिलेटिनची लादी पुढे ओढली. आत कडक गाठ बसवलेली होती. यंत्र दाखवतं तीच खरी कड का, हे ठरवायला डॉक्टरांनाच विचारावं लागतं, असं तो चाचरत म्हणाला.

"सगळे म्हणतात, बोटाला कळतं. काय कळतं, ते कुणी सांगतच नाही."

हा प्रश्न बाईंना आजवर कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. बाहीने डोळे पुसून त्यांनी एकेक बोट लादीवरून फिरवलं. अंगठा गप्प. पहिलं बोट गप्प, मधलं आणि त्याच्या शेजारचंही गप्प. करंगळीपाशी मात्र त्या थांबल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या.

"हिला अजून कळतंय," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या, मास्तर. जरा लवकर."