जेवणाला मरणाची लाली

त्या मॅनेजरची आठवण झाली तरी अजून माझं डोकं फिरतं.

मंगळवारी उन्हं कलल्यावर आम्ही बायका ओहोटीत शिंपले वेचत होतो. तेवढ्यात खाडीपलीकडच्या हॉटेलातून लाली वाजली. पोकळ ओंडक्याच्या त्या नगाऱ्याचा आवाज आमच्या फिजीत शेंबड्या पोरालाही कळतो. चर्चचा ठेका वेगळा, सभेचा वेगळा. हा मरणाचा होता, संथ, मधे लांब थांबा घेत जाणारा.

केलेरामावशीच्या हातातली टोपली पडली. तिचा सितिवेनी त्याच हॉटेलात कामाला.

"माझा पोरगा गेला गं!" म्हणत ती गुडघाभर पाण्यातून धावत सुटली. आम्ही घरून चटया काखोटीला मारल्या, कारण मयताला रिकाम्या हाताने जात नाहीत. गावची लाली वाजवणारे आपेनिसाकाकाही काठी टेकत निघाले.

जाऊन बघतो तर सितिवेनी ताटं मांडतोय! मावशीने त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि त्याच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला. पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

"कोण गेलं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही हो!" लालीजवळ उभा असलेला मॅनेजर हसला. "जेवणाची वेळ झाली, म्हणून मीच वाजवली."

"मी सांगितलं होतं यांना, हा ठेका नको," सितिवेनी पुटपुटला.

"पण हाच भारदस्त वाटतो," मॅनेजर म्हणाला. "रोज वाजवणार. तुम्हीही या ना रोज, असेच रडत. पाहुण्यांना आवडलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज कशी वाटत नाही या माणसाला?

काकांनी टेबलांच्या मधोमध चटई अंथरली. आम्हीही अंथरल्या आणि माना खाली घालून बसलो. मयताला बसतात तसंच. पाहुण्यांचे चमचे थांबले.

"अहो, नुसता आवाज तर आहे!" मॅनेजर वैतागला.

"तुझी आई आहे?" काकांनी विचारलं.

"नाही. तीन वर्षं झाली."

"तुला कसं कळलं?"

"भावाचा फोन आला."

"तो फोन रोज जेवायच्या वेळेला आला, तर घास उतरेल?"

लालीच्या दोन्ही काठ्या मॅनेजरने काकांपुढे चटईवर ठेवल्या. मावशीकडे बघायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.