अर्धा काटा

आमच्या कारखान्यात एक नियम होता. कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या, पण आमचे हे त्याला कारखानाच म्हणत. गाणी ऐकायच्या दोन यंत्रांची तुलना करायची तर मध्ये पडदा लावायचा. त्याआधी आवाजाच्या मीटरचा काटा दोन्हींसाठी एकाच खुणेवर आणायचा, कारण जे किंचित मोठ्याने वाजतं तेच माणसाला सरस वाटतं, जाणत्याच्या कानालासुद्धा. पडद्यामागे बसायचं काम माझं. माझ्यावर सगळ्यांचा भरवसा होता.

माझ्या धाकट्या दिरांनी तेव्हा नवा प्रीअँप्लिफायर बनवला होता. रेकॉर्डवरचा बारीक आवाज आधी त्याच्यात येतो आणि मग मोठ्या अँप्लिफायरकडे जातो. तिथे जराशी गुरगुर शिरली की पुढे तीच मोठी होऊन बाहेर पडते. गुरगुर यायची ती ट्रान्सफॉर्मरची, म्हणून भाऊजींनी तो उचलून वेगळ्या डब्यात नेऊन ठेवला. गुरगुर गेली, पण एकाचे दोन डबे झाले आणि खर्च जवळजवळ दुप्पट.

मी एका डब्याच्या बाजूची. त्याचं दर्शनी पॅनेल मी आखलं होतं: बोटभर जाडीचं अॅल्युमिनियम आणि मधोमध एकच मोठं बटण. दोन डबे केले तर या पॅनेलला पैसे उरत नव्हते. पातळ पत्र्यावर भागवावं लागणार होतं.

"गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी ऐकतं," मी म्हणाले.

"मग नुसतं पॅनेलच विका ना, वहिनी. आत वीट ठेवू, वजनही भरेल!"

हे खो खो हसले. मीही हसले, पण ते मनाला लागलं.

"भांडू नका," हे म्हणाले. "पडदा ठरवेल."

मी पडद्यामागे बसले. भाऊजींच्या यंत्राचा काटा खुणेवर आणला. माझ्या डब्याचं बटण मात्र अर्धा काटा पुढे सरकवलं. पूर्ण विचार करून.

तीनदा वाजवलं. तिन्ही वेळा भाऊजी डोळे मिटून म्हणाले, "डावं. डाव्यात जीव आहे."

मी पडदा सरकवला. डावीकडे माझं पॅनेल चकाकत होतं.

"घ्या! स्वतःचं पोर ओळखता येईना मला," ते म्हणाले. हसायला गेले, पण जमलं नाही.

एक डबाच बाजारात गेला आणि खपलाही चांगला. लोक पॅनेलवरून हात फिरवायचे. भाऊजी महिनाभर खाली मान घालून तारांना डाग देत राहिले, मग लिफ्टच्या कंपनीत लागले. "लिफ्टला कान लागत नाहीत, वहिनी," एवढंच बोलले. हे जाईपर्यंत मी ह्यांनाही सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात भाऊजी आले होते. आता त्यांच्या कानात ऐकू यायचं यंत्र आहे. माळ्यावरची ती दोन्ही जुनी यंत्रं बघून म्हणाले, "लावा पडदा. एकदा गंमत म्हणून."

या खेपेला मी चष्मा पुसून काटा बरोबर खुणेवर आणला, दोन्हींचा. दोनदा तपासला. कधी नव्हे ते देवाला म्हटलं, भाऊजींना ओळखू दे.

त्यांनी कितीतरी वेळ ऐकलं. "मला काही फरक कळत नाही हो," ते म्हणाले. "म्हणजे तुमचंच खरं होतं. उगाच दोन डबे."

तेव्हा मात्र मला राहवेना. पडद्यामागूनच बोलले, समोर यायची हिंमत नव्हती. "भाऊजी, त्या दिवशी मी माझ्याचा आवाज वाढवला होता."

पलीकडून आवाज आला, "किती?"

"अर्धा काटा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "माझे डबे नेऊ?"

मी धरू लागले तर म्हणाले, "राहू द्या." एकेक डबा उरापाशी धरून त्यांनी जिन्यावरून दोन खेपा केल्या. मी दार धरून उभी राहिले. माझं पॅनेल तिथेच टेबलावर होतं, अजून तसंच चकचकीत.