सविताच्या नावाची वीज

केडगावच्या घरावर गोरक्षनाथनं सोलर बसवलं ते बायकोसाठी. सविताची फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरीच आणायला लावलं, दिवसरात्र चालू ठेवायचं म्हणून. पण सविताचा जीव मीटरमध्ये अडकलेला. नवऱ्याची पाठ वळली की ती नाकातली नळी काढायची आणि मशीन बंद करायची.

"थोडा वेळच हो. बिल लई येतंय."

ओठ निळे पडले तरी तिचं हेच. शेवटी गोरक्षनाथनं सुप्याच्या कंपनीतून निवृत्त होताना मिळालेले पैसे खर्ची घातले आणि गच्चीवर पॅनेल चढवली.

पॅनेल बसवणाऱ्या कल्याणनं तिला पलंगाशी बसून समजावलं, "वहिनी, दिवसा घरात लागून उरलेली वीज लाईनीत जाती. तेवढे युनिट तुमच्या खात्यावर जमा. रात्री तुमी लाईनीतून घ्याल ते त्यातून वजा. तरी उरले, तर पुढच्या महिन्याला."

"म्हंजी दिवसा दिलेलं रातच्याला माघारी मिळतं?"

"व्हय."

त्या दिवसापासून सवितानं नळी काढली नाही. सकाळी खिडकीतून ऊन आत आलं की म्हणायची, "आज कडक पडलंय. आज मी ऐटीत श्वास घेनार."

मशीन सगळी वीज खायचं, खात्यावर काही उरायचं नाही. त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं.

पौषात सविता गेली.

पुढचं बिल आलं तेव्हा पहिल्यांदाच त्यावर जमा युनिट दिसले. त्याच्या पुढच्या बिलात आणखी वाढले. रस्त्यात कल्याण भेटला. त्याला बातमी ठाऊक नव्हती. "नाना, भारी काम झालं! मार्चअखेर उरतील त्याचे पैसे मिळत्यात," असं हसत म्हणून तो गाडीवर निघून गेला. गोरक्षनाथ मात्र तिथंच उभा राहिला. जमा काय झालं होतं, ते त्याला तेव्हा कळलं. तिनं न घेतलेले श्वास होते ते.

घरी येऊन त्यानं मशीनवरची चादर काढली आणि बटण दाबलं. नळी नीट करून तिच्या उशीवर ठेवली. फुस्स, फुस्स, खोली पुन्हा बोलायला लागली. मग तो रोजच मशीन लावू लागला.

शेजारच्या दगडाबाईनं भिंतीपलीकडून आवाज ऐकला. पिठाच्या हातानं धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"भाऊजी, मला वाटलं..."

ती तशीच मागं फिरली. तिनं राहुरीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मुलगी ज्ञानेश्वरी आली. ती भांडली नाही. आईच्या पलंगावर बसली.

"अण्णा, कुनासाठी चालू हाय हे?"

"बंद केलं की तिची वीज भाईर जाती, ज्ञाना. कुनाच्या बी घरात. मी ती तिच्यासाठी आनली हुती."

ज्ञानेश्वरीनं नळीपुढं तळहात धरला. गार झुळूक लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण हात तिनं काढला नाही.

"आई असती तर उठून बंद केलं असतं तिनं. उगा जळतंय म्हनली असती."

गोरक्षनाथला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी फुटलं, आणि मध्येच त्याचं रडू झालं. खांदे हलायला लागले. मुलीनं त्याला धरलं.

"तूच कर बंद," तो म्हणाला.

तिनं हात पुढं केला, बटणापर्यंत नेला आणि मागं घेतला. "माझ्यानं न्हाई होनार, अण्णा."

मग त्यालाच उठावं लागलं. बटण दाबल्यावर मशीननं एक लांब सुस्कारा सोडला. नळीतली हवा थांबली. बाहेर भर दुपार होती, गच्चीवर लखलखीत ऊन. त्यानं नळी उचलली, सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि तिची घडी करू लागला. घडी काही नीट बसेना. तीच तीच घडी तो पुन्हा पुन्हा घालत राहिला.